तीन नंबरवरचा स्वेटर

ज्या सकाळी माझ्या हातून माझी मावशी मरता मरता वाचली, त्या सकाळी माझ्या खिशात ‘उत्तम नेत्याच्या अकरा सवयी’ हा कागद होता. त्यातली सहावी सवय मी नुकतीच अमलात आणली होती. बाकीच्या दहा सवयींचा या प्रकरणात काही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या लाँड्रीत कपडे येत नाहीत, चादरी येतात. चार इस्पितळांच्या. ओल्या चादरी ड्रायरमध्ये जातात, कोरड्या होऊन बाहेर येतात, आणि मधल्या वेळात आम्ही त्यांच्याशी कुस्ती खेळतो. ड्रायर चार आहेत. घरच्या यंत्रासारखेच, फक्त माणूस वाकून आत शिरेल एवढे मोठे. दाराच्या आत जाळीचं आडवं पिंप, ते गरम हवेत गरागरा फिरतो. त्यातल्या तीन नंबरला एक खोड आहे. दर दोन-तीन दिवसांनी त्यात चादरींना पीळ बसून दोरखंड होतो आणि तो पार मागच्या जाळीत अडकतो. मग कुणीतरी रांगत आत जाऊन तो सोडवायचा.

आत माणूस असताना बाहेरून कुणी बटण दाबू नये म्हणून कंपनीने स्विचच्या खोक्याला एक कुलूप दिलं होतं. त्याची चावी पहिल्याच आठवड्यात एका चादरीबरोबर इस्पितळात गेली. ती अजून परत आलेली नाही, उपचार चालू असावेत. तेव्हापासून आमच्याकडे कुलपाच्या जागी मावशीचा स्वेटर आहे.

मावशी अख्ख्या लाँड्रीची मावशी, माझी मात्र खरी. आईची मोठी बहीण. बावीस वर्षं इथे काढलीत. चार वर्षांपूर्वी मला तिनेच इथे चिकटवलं, चादर कशी झटकायची इथपासून शिकवलं. तीन नंबरात शिरायचं काम तिचंच, कारण ती अंगाने काडी आहे आणि दुसऱ्या कुणावर तिचा भरवसा नाही. शिरण्याआधी ती अंगातला तपकिरी स्वेटर काढून खोक्यावर अडकवते. तो आजीने विणलेला. त्याची उजवी बाही डावीपेक्षा वीतभर लांब आहे, कारण ती विणताना आजीचं विसरणं सुरू झालं होतं. बाही पुरी झाली हेच तिला कळेना, ती विणतच राहिली. ती लांब बाही खोक्यावरून बरोबर हिरव्या बटणावर येते. स्वेटर आहे म्हणजे आत माणूस आहे. स्वेटर नाही म्हणजे माणूस नाही. हा नियम कुणी कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो सगळे पाळायचे.

मला शिफ्टप्रमुख होऊन नऊ दिवस झाले होते. मावशी त्या दिवसापासून मला कामावर ‘साहेब’ आणि ‘अहो’ म्हणायला लागली. चहाच्या सुट्टीत ‘गधड्या’. दोन्हींत आवाजाचा फरक नसे. मॅडमनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकबाईंनी, मला एका दिवसाच्या ट्रेनिंगला पाठवलं. तिथे एक टायवाले गृहस्थ म्हणाले, “कर्मचारी म्हणजे रोप आणि नेता म्हणजे पाणी.” मी मावशीला रोपाच्या जागी कल्पून पाहिलं आणि वहीत काहीच लिहिलं नाही. पण सहावी सवय आवडली. ‘नेता सांगत बसत नाही, करून दाखवतो. रोज निदान एक पसारा स्वतःच्या हाताने आवरा.’

दुसऱ्या दिवशी दहा वाजता चहाची घंटा झाली. त्या दिवशी इस्पितळाचे लोक काम बघायला येणार होते. मी फेरी मारत होतो आणि तीन नंबरच्या खोक्यावर स्वेटर लोंबताना दिसला. चहाच्या रांगेत मावशी पहिली नाही असं बावीस वर्षांत झालेलं नव्हतं. मी समजलो, गडबडीत स्वेटर विसरून चहाला गेली. तो उचलला, झटकला, ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणे चौकोनी घडी घातली, कपडे बदलायच्या खोलीत तिच्या खणावर नेऊन ठेवला. परत येऊन टेबलापाशी उभा राहिलो आणि कागदावर सहाव्या सवयीपुढे बरोबरची खूण केली.

मी आत वाकून बघितलं नाही. एवढंच करायचं होतं. कमरेत वाकायचं.

तेवढ्यात चहा संपवून वादळ आलं. वादळ हा आमचा ड्रायरवाला. जिना चढायला त्याला इतका वेळ लागतो की खाली निघताना दाढी केली असेल तर वर पोचेपर्यंत वाढते. त्याने तीन नंबरचं उघडं दार बघितलं. आत अर्धवट वाळलेल्या चादरी दिसल्या. मग खोक्याकडे बघितलं, शांतपणे, वरपासून खालपर्यंत. स्वेटर नव्हता. त्याने दार लावलं आणि हिरवं बटण दाबलं.

ओल्या चादरी फिरताना एक आवाज येतो, मऊ, ओल्या मातीचं ढेकूळ पडल्यासारखा. चार वर्षं मी तो ऐकतोय. त्या दिवशी त्यात दुसरा आवाज होता. टणक. एकदा आला. पिंप एकदा फिरलं, तो आवाज पुन्हा आला. माझे पाय कधी हलले मला माहीत नाही. लाल बटणावर माझा हात होता आणि तो हात मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

पिंप थांबलं. दार उघडलं. चादरींच्या ढिगातून आधी एक चप्पल आली, मग मावशी. केस सुटलेले, कोपर सोललेलं, कपाळावर जाळीची नक्षी उठलेली. ती फरशीवर बसली आणि तिने पहिल्यांदा स्वतःकडे बघितलंच नाही. तिने खोक्याकडे बघितलं.

“स्वेटर?” ती म्हणाली.

वादळाचे ओठ पांढरे पडले होते. “नव्हता, मावशी. आईशपथ नव्हता. मी बघितलं.”

मी तोंड उघडलं. मग मला चौथी सवय आठवली. ‘संकटात बोलण्याआधी मनात दहा मोजा.’ मी मोजायला लागलो. सातवर होतो तेव्हा मावशी हळूच म्हणाली, “मीच विसरले वाटतं.” आठ. “अडकवलाच नाही मी.” नऊ. मग तिने माझा हात धरला. “तू नसतास ना रे,” ती म्हणाली. कामाच्या वेळेत, ‘तू’. दहा झाले, तेव्हा बोलायला काही उरलं नव्हतं.

चौथ्या सवयीला मी निर्दोष म्हटलं होतं, ते मागे घेतो.

मॅडमनी तासाभरात मला बोलावलं. त्या वाईट बाई नाहीत. “अठ्ठेचाळीस तासांत कोचिंग बैठक घे तिच्याशी,” त्या म्हणाल्या. “हा फॉर्म. प्रामाणिकपणे भर. विसरण्याचा प्रकार असेल तर तिला यंत्रांपाशी ठेवता येणार नाही, आणि यंत्रांशिवाय इथे आहेच काय? तू तिचा लीडर आहेस. तू लिहिशील ते मी धरेन.” मग थोडं थांबून, “आणि शाबास.”

ती शाबासकी मी घेतली. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर माझा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, ‘प्रसंगावधान’. फोटोत मी घाबरलेला दिसत होतो, पण तो ओळखपत्रावरचा जुना फोटो होता, त्यात मी तसाही घाबरलेलाच आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात मांडवातले दिवे लागले होते. कुणी खांद्यावर हात ठेवला तरी मी दचकायचो. इतके जण हात ठेवत होते की दुपारपर्यंत मान आखडली.

घरी आईने कपडे धुवायच्या यंत्रात टाकले. मी ते थांबवून दार उघडून आत बघितलं. तिने पुन्हा सुरू केलं. मी पुन्हा थांबवलं.

“काय शोधतोयस?” आईने विचारलं.

“काही नाही. आत कुणी नाही ना, ते.”

आईने माझ्याकडे बघितलं आणि माझी पाठ कुरवाळली. “धसका घेतलायस तू. पण देवासारखा धावलास हो. ताई सकाळपासून तेच सांगतेय. पाच वेळा फोन केला तिने.” मग तिचा आवाज उतरला. “पाचातले तीन फोन एकच विचारायला केले. म्हणे, मी तुला आधी फोन केला होता का? घरभर चिठ्ठ्या लावल्यात तिने. गॅस बंद. नळ बंद. दाराला आतून चिठ्ठी, चावी घेतली का. अगदी आईचं झालं होतं तसंच सुरू होतंय रे.”

आजीचं काय झालं होतं ते आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. शेवटची तीन वर्षं ती मला ‘पाहुणे’ म्हणायची आणि फार अगत्याने वागवायची. मावशीला तर ती घाबरायची. पोटच्या मुलीला बघून कोपऱ्यात सरकायची. मावशी रोज जायची, रोज दारातून स्वतःचं नाव सांगून आत शिरायची.

खरं सांगायचं तर आईच्या तोंडावरच सांगायचं होतं, शब्द ओठांपर्यंत आले. पण तिने ‘देवासारखा’ म्हटलं होतं. देव म्हटल्यावर लगेच ‘मीच ढकललं होतं’ म्हणायला जी छाती लागते ती ट्रेनिंगमध्ये दिलेल्या पिशवीत नव्हती. पिशवीत एक पेन आणि एक पाण्याची बाटली होती.

बैठकीच्या दिवशी सकाळी मावशी चादरींच्या घड्या घालत होती आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मी जवळून गेलो तेव्हा ऐकू आलं. एकोणतीसचा पाढा. “सक एकशे चौऱ्याहत्तर. साते दोनशे तीन. आठे...” ती थांबली. हातातली चादर तशीच राहिली. चेहऱ्यावरून रक्त उतरत जाताना मी बघितलं. आठे दोनशे बत्तीस, हे मलाही येत होतं, तिनेच शिकवलेलं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ऐकत होतो हे तिला कळलं असतं.

बैठक साबणाच्या पिंपांच्या खोलीत ठेवली, कारण दार लागणारी तेवढी एकच खोली होती. ट्रेनिंगमध्ये सांगितल्याप्रमाणे खुर्च्या काटकोनात मांडल्या. फॉर्म टेबलावर. रकाने असे होते: कर्मचाऱ्याचं नाव, काय घडलं, का घडलं, कर्मचारी काय शिकला, पुढचा आराखडा. खाली लीडरची सही.

मावशी दारात उभी राहिली. स्वेटर अंगात होता. लांब बाही तिने दोनदा दुमडली होती.

“बसू का, साहेब?”

“बस ना, मावशी.”

“‘बसा’ म्हणा. फॉर्म भरायचाय ना.” ती बसली, आणि काटकोनातली खुर्ची सरळ करून माझ्या समोर आणली. “हे आधी घ्या. मग तुमचं कोचिंग-बिचिंग सुरू करा.”

तिने एक कागद पुढे केला. राजीनामा. अक्षर नेहमीसारखं मोत्याचं. ‘मला विसर पडू लागल्याने इतरांच्या जिवाला धोका होऊ शकतो.’

“मावशी, असं कुणालाही होतं.”

“कुणालाही नाही. माझ्या आईला झालं.” ती माझ्याकडे न बघता टेबलावरचा पेनाचा डाग बोटाने घासत होती. “स्वेटर कुठे मिळाला ठाऊक आहे? माझ्या खणावर. चौकोनी घडी घातलेला. मी जन्मात चौकोनी घडी घातलेली नाही, मी तिहेरी घालते. म्हणजे मी तो काढला, त्या खोलीपर्यंत चालत गेले, घडी घातली, तीही भलतीच, परत आले आणि आत शिरले. यातलं एक पाऊलसुद्धा मला आठवत नाही.”

मी टेबलावरच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि तसंच परत लावलं.

“आणि आठवतं काय, सांगू? मी तो खोक्यावर अडकवला. बाही ओढून बटणावर घेतली, नीट केली. लख्ख दिसतंय डोळ्यांपुढे. आईलाही असंच लख्ख दिसायचं. आमचा दादा आत्ता येऊन गेला म्हणायची, पाणी पिऊन गेला, हे बघ भांडं. दादा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.” तिने बोट थांबवलं. “तुझ्या आईला हे स्वेटरचं एवढ्यात सांगू नकोस. मी तुला पाहुणे म्हणायला लागले ना, की मग सांग.”

मी दहा मोजले नाहीत.

“तो मी काढला,” मी म्हणालो.

“काय?”

“स्वेटर. तू अडकवला होतास. बाही बटणावरच होती. मला वाटलं तू चहाला गेलीस. मी आवरून ठेवला. चौकोनी घडी ट्रेनिंगमध्ये शिकवली, जागा कमी लागते म्हणून.” एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. “मी आत बघितलं नाही. नंतर तू म्हणालीस विसरले, तेव्हा मी मोजत होतो. मग फोटो लागला.”

खोलीत फक्त भिंतीपलीकडच्या चार नंबरचा आवाज होता. मऊ आवाज. मी तो नीट ऐकून घेतला.

“परत सांग,” मावशी म्हणाली.

मी परत सांगितलं.

“बाही बटणावर होती.”

“बरोबर बटणावर.”

“एकोणतीस आठे दोनशे बत्तीस,” ती म्हणाली. “नव्वे दोनशे एकसष्ट. दाहे दोनशे नव्वद.” मग तिने दोन्ही तळहात तोंडावर घेतले आणि तिचे खांदे हलायला लागले. रडते आहे की हसते आहे मला कळेना. विचारायची सोय नव्हती. हात काढले तेव्हा डोळे कोरडे होते, आणि मला खरी भीती तेव्हा वाटली.

“दोन दिवस,” ती म्हणाली.

“हो.”

“त्या पिंपात मला जेवढी भीती वाटली नाही ना, तेवढी या दोन दिवसांत वाटली. तिथे मरत होते ती निदान मी होते.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “तुझ्या आजीने तोंडात घातलेला घास मी बाहेर काढायची, कारण गिळायचं ती विसरायची. दोन दिवस मी ताटावर बसून तेच बघतेय. गिळतेय का मी.”

कागदावरच्या अकरा सवयींत यासाठी एकही नव्हती.

तिने राजीनामा उचलला, तिहेरी घडी घातली आणि खिशात ठेवला. फॉर्म माझ्यापुढे सरकवला. “पेन घे. कर्मचाऱ्याचं नाव. तुझं लिही.”

मी लिहिलं.

“काय घडलं?”

मी लिहिलं. जागा पुरली नाही, समासात गेलो.

“का घडलं?”

“पसारा वाटला.”

“तो पसारा नव्हता, तो माणूस होता. का घडलं?”

“धरून चाललो. वाकून बघितलं नाही.”

“हां, ते लिही. आणि नंतर बोलला का नाहीस?”

“घाबरलो.”

“कुणाला?”

“आधी तुला. मग मॅडमना. मग आईला.”

“रकाना लहान आहे. नुसतं ‘घाबरलो’ लिही.” ती उठली. “आराखडा मी सांगते. आधी हा कागद मॅडमकडे जाईल. तू नेशील. मग तुझ्या आईकडे, तिथेही तू. मी सोबत येणार नाही. दाराबाहेर उभी राहीन, पळालास तर धरायला.”

मॅडमनी फॉर्म दोनदा वाचला. कर्मचारी आणि लीडर, दोन्ही रकान्यांत एकच नाव बघून त्या म्हणाल्या, “हे सिस्टिममध्ये बसत नाही.” माझं शिफ्टप्रमुखपद तिथेच गेलं. फोटो मी स्वतः काढला. तो चार टाचण्यांनी लावलेला होता आणि चौथी निघता निघेना. मावशीला पद देऊ केलं, ती म्हणाली, “मला नको, बैठका असतात.” शेवटी चौकशीत असं निघालं की त्या सकाळी अख्ख्या लाँड्रीत नियमाप्रमाणे वागलेला माणूस एकच होता, ज्याने बटण दाबण्याआधी स्वेटर आहे का ते बघितलं. त्यामुळे आता वादळ आमचा शिफ्टप्रमुख आहे. काम संथ चालतं, पण अपघात व्हायला जो वेग लागतो तो गाठणं आता कुणालाच शक्य नाही.

आईला सांगितलं त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ती अजून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. कपड्यांच्या यंत्राचं दार मात्र आता तीच उघडून बघते.

चारही खोक्यांना नवीन कुलपं आली. चावी आत शिरणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची. आणि तीन नंबरात शिरायचं काम माझ्याकडे आलं. आराखड्यातला तो शेवटचा मुद्दा होता, मावशीच्या अक्षरात.

काल पीळ बसला. मी कुलूप लावलं.

“चावी कुणाकडे?” मावशीने विचारलं.

“माझ्याकडे.”

“दाखव.”

दाखवली.

“खिशात नको. मुठीत.”

तिने अंगातला स्वेटर काढला आणि कुलपावरून अडकवला, बाही ओढून नीट केली. “जा आता, गधड्या,” ती म्हणाली. सकाळचे साडेनऊ वाजले होते, चहाला अजून अर्धा तास होता.

आत अंधार असतो हे मला माहीत होतं. जाळी गुडघ्यांना गरम लागते हे माहीत नव्हतं. चादरी चारी बाजूंनी अंगावर येतात, कानात स्वतःचाच श्वास घुमतो, आणि दाराचा गोल उजेड मागे वळून बघावं तेव्हा आधीपेक्षा लहान झालेला असतो. कुलूप लागलेलं होतं. चावी मुठीत रुतत होती. तरी माझे दात वाजत होते. इथे ती बावीस वर्षं एका बाहीच्या भरवशावर येत होती.

बाहेरून तिचा आवाज यायला लागला, सावकाश, मला ऐकू येईल एवढा. “एकोणतीस एके एकोणतीस. दुणे अठ्ठावन्न. त्रिक सत्त्याऐंशी.” मी त्या आवाजाच्या लांबीने पुढे सरकत राहिलो. चोक, पंचे, सक. दोरखंडाचं टोक हाताला लागलं. “साते दोनशे तीन.”

मग आवाज थांबला.

मी थांबलो. पिंप माझ्या वजनाने किंचित हललं. चार नंबर पलीकडे घुमत होता.

“मावशी?”

काही नाही.

“मावशी, आठे?”

“दोनशे बत्तीस,” ती दाराशीच होती, अगदी दाराशी, वाकून आत बघत. “तुला येतंय का बघत होते. दुसऱ्याचं अडलं की सांगायचं असतं. सोडव ते, मी आहे इथे.”